सुटकेनंतरचे प्रश्न

पवईतल्या एका स्टुडिओत 30 ऑक्टोबर 2025 रोजी एका माणसाने 17 मुलांना ओलीस ठेवलं. काही तासांत मुलं सुखरूप बाहेर आली आणि तो माणूस पोलिसांच्या गोळीने मेला. त्या रात्री आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. काहींना पोलिसांचे पाय धरावेसे वाटत होते, तर काहींना त्याला जिवंत का पकडलं नाही हे विचारायचं होतं. मग नेहमीचं वाक्य आलंच: परदेशात असं होत नाही, तिथली माध्यमं आणि पोलीस जबाबदार असतात. मी सिडनीत राहते, म्हणून साक्षीला मलाच ओढलं. चार ओळींत मावणारं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सिडनीने हे भोगलं आहे. 15 डिसेंबर 2014 च्या सकाळी मार्टिन प्लेसमधल्या लिंट कॅफेत एका बंदूकधाऱ्याने 18 जणांना कोंडलं. शहराच्या ऐन मध्यावर, न्यायालयं आणि बँकांच्या गराड्यात. आमचं ऑफिस दुपारीच सोडलं. मी घरी पोचते तोच साताऱ्याहून आईचा फोन. ओलिसांत इन्फोसिसचा एक कर्मचारी असल्याचं तिने टीव्हीवर ऐकलं होतं आणि तिचा धीर सुटला होता. सोळा तासांहून अधिक काळ हे चाललं. रात्री दोननंतर बंदूकधाऱ्याने कॅफेचे व्यवस्थापक टोरी जॉन्सन यांना गोळी घातली, मग पोलीस आत घुसले. ओलिसांपैकी बॅरिस्टर कॅट्रिना डॉसन यांचाही जीव गेला.

त्या दिवशी माध्यमं नीट वागली का? बऱ्याच अंशी हो. बंदूकधाऱ्याने ओलिसांकडून रेडिओ आणि टीव्हीच्या कचेऱ्यांना फोन करवले, व्हिडिओ करवून घेतले. त्याला पंतप्रधानांशी थेट प्रक्षेपणात बोलायचं होतं. पोलिसांच्या विनंतीवरून इथल्या माध्यमांनी त्याच्या मागण्या प्रसारित केल्या नाहीत. चॅनेल सेव्हनचं वृत्तदालन कॅफेच्या अगदी समोर होतं, तिथल्या खिडकीत पोलिसांचा नेमबाज बसला. मुंबईकराला हे वाचून 26/11 आठवणारच. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो आपण घरोघरी थेट पाहिले, आणि हल्लेखोरांचे पाकिस्तानातले सूत्रधारही टीव्ही बघूनच त्यांना फोनवर सूचना देत होते. 2012 मध्ये कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर अतिशय कडक ताशेरे ओढले. 2015 मध्ये दहशतवादविरोधी कारवाईचं थेट चित्रण नियमानेच बंद झालं. तो धडा आपण शिकलो, उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून.

पण इथल्या माध्यमांना संत ठरवायला मी तयार नाही. ओलीस आत असतानाच सिडनीच्या डेली टेलिग्राफ या वर्तमानपत्राने खास अंक काढला आणि पहिल्या पानावर हा ‘डेथ कल्ट’चा, म्हणजे आयसिसचा, हल्ला असल्याचं जाहीर केलं. खिडकीत धरलेला काळा झेंडा आयसिसचा नव्हता, तरी तसं बोललं गेलं. रक्तपात आपल्याच वर्तमानपत्राने टिपला म्हणून त्याचे मालक रुपर्ट मरडॉक यांनी ट्विटरवर अभिनंदन केलं, तेव्हा दोन घरांत प्रेतंसुद्धा पोचली नव्हती. दोन महिन्यांच्या आत दोन मोठ्या वाहिन्यांनी सुटलेल्या ओलिसांच्या मुलाखती दाखवल्या, त्यांना पैसे दिल्याचंही उघड बोललं गेलं. मला ते आजही किळसवाणं वाटतं.

आणि लोक? लोकांनी मार्टिन प्लेस फुलांनी भरून टाकलं. ज्यांनी कधी त्या कॅफेत पाऊलही टाकलं नव्हतं ते रांग लावून फुलं ठेवत होते. हिजाब घालणाऱ्या बायकांना भीती वाटू नये म्हणून ‘मी तुझ्यासोबत प्रवास करीन’ असं सांगणारा हॅशटॅग त्याच रात्री पसरला. 3 डिसेंबर 2008 ला गेटवेवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले, त्यांचा शोक यापेक्षा उणा नव्हता. सीएसएमटीवर, तेव्हाच्या सीएसटीवर, 58 माणसं मेली आणि कॅमेरे मात्र ताजवर खिळले, हे दुखणं मात्र मुंबईचं आहे.

मला खरा फरक दिसला तो फुलं उचलल्यावर. न्यू साउथ वेल्समध्ये पोलिसांच्या कारवाईत कोणी मेलं की कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याकडे, खुली चौकशी होते. जानेवारी 2015 मध्ये ती सुरू झाली आणि मे 2017 मध्ये कॉरोनर मायकल बार्न्स यांनी निष्कर्ष दिले. पोलीस अधिकारी, वाटाघाटी करणारे, सल्लागार मानसोपचारतज्ज्ञ, सगळ्यांना प्रश्न विचारले गेले आणि मृतांचे नातेवाईक समोर बसून ऐकत होते. बंदूकधाऱ्याने पहिली गोळी झाडली तेव्हाच पोलिसांनी आत जायला हवं होतं, दहा मिनिटं फुकट गेली, असं बार्न्स यांनी नोंदवलं. डॉसन यांना लागले ते पोलिसांच्याच गोळ्यांचे तुकडे, हेही सगळ्यांसमोर आलं. गंभीर गुन्ह्यांत आरोपी असलेला हा माणूस जामिनावर मोकळा होता, आणि हल्ल्याच्या आधीच्या आठवड्यात त्याच्याबद्दल सुरक्षा यंत्रणेच्या हॉटलाइनवर 18 तक्रारी आल्या होत्या. नातेवाइकांना अडीच वर्षं थांबावं लागलं आणि त्या अखेरीलाही कुणाला शिक्षा झाली नाही. तरी प्रश्न विचारणाऱ्यांना कोणी पोलीसद्रोही म्हटलं नाही, कारण विचारायला एक जागा होती.

26/11 नंतर आपल्याकडे दोन सदस्यांची राम प्रधान समिती नेमली गेली. केंद्रीय यंत्रणा तिच्या कक्षेबाहेर होत्या, आणि ज्यांची माणसं गेली त्यांना तिथे बसून ऐकण्याची सोय नव्हती. गंमत नव्हे, खंत वाटावी अशी गोष्ट म्हणजे मुंबईतही 1999 पर्यंत कॉरोनर होता. ते पद आपणच रद्द केलं.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही तटांना माझं सांगणं एकच आहे. पोलिसांनी मुलं वाचवली याबद्दल कृतज्ञ राहूनही विचारता येतं: गोळी कधी आणि का झाडली, सरकारकडे आपले पैसे थकल्याचं तो माणूस सांगत होता त्यात तथ्य किती, आणि इतकी मुलं ऑडिशनच्या नावाखाली तिथे जमवता आली कशी. याची उत्तरं त्या 17 मुलांच्या आईवडिलांसमोर, खुल्या सुनावणीत, पत्रकारांना आत बसू देऊन मिळायला हवीत. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्यालाही आपली बाजू तिथेच मांडता यावी, वाहिन्यांच्या रात्रीच्या चर्चेत नव्हे.