'टिंग' कुठे अडलं?

साहेबांचा फोन आला की मी आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्याकडे बघतो. तिथे सामसूम.

"मेल पाठवलाय. बघितलास ना?"

"हो सर, बघतोच आहे," म्हणत मी गुपचूप रिफ्रेश दाबतो. टिंग! मेल हजर. पाठवल्याची वेळ मात्र पाऊण तासापूर्वीची.

माझा पहिला संशय अर्थात साहेबांवर. आत्ता पाठवून मघाशी पाठवल्याचं सांगत असणार. पुरावा हवा म्हणून मेलचे हेडर, म्हणजे त्याच्या प्रवासाची नोंद, उघडले. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का सगळ्यात वर मारतो, त्यामुळे प्रवास खालून वर वाचायचा. वाचला. सगळा मिळून 2 सेकंदांचा. साहेब निर्दोष निघाले, याचं जरा वाईटच वाटलं.

म्हणजे चोर घरातच. 'व्यत्यय नको'चं बटण बंदच होतं. सेटिंगमध्ये 'दर 10 मिनिटांनी नवे मेल तपासा' असं होतं, ते 1 केलं. पण दहा मिनिटांनी पाऊण तासाचा हिशेब लागत नव्हता.

मग आयडलशी गाठ पडली. आयमॅप म्हणजे सर्व्हरवरचे मेल आपल्या प्रोग्राममध्ये बघण्याची पद्धत; 1997 साली तिला आयडलची जोड मिळाली. प्रोग्रामने सारखं 'काही आलं का?' विचारायचं नाही. लाइन धरून गप्प बसायचं, मेल आला की सर्व्हरच सांगतो. नुसतं बसून राहण्याची पद्धत आमच्या ऑफिसात त्याआधीपासून आहे, पण तिची लेखी नियमावली झाली ती तेव्हा. त्यात हेही आहे की निदान दर 29 मिनिटांनी उठून पुन्हा बसावं, नाहीतर अर्धा तास हालचाल नाही म्हणून सर्व्हर लाइन कापू शकतो. मधला राउटर याहूनही उतावळा असू शकतो. त्याने न सांगता लाइन सोडली, तर दोन्ही टोकांना वाटत राहतं की समोरचाच बोलत नाही. (असले अबोले घरोघरी असतात.)

आयडल चालूच होतं. मी फोनवरून स्वतःलाच 'चाचणी 1' पाठवला. टिंग! 'चाचणी 2'. टिंग! 'चाचणी 17'पर्यंत एकही चुकला नाही.

"बाबा, तुम्ही तुम्हालाच मेल पाठवताय?" मुलीने विचारलं. मी आवाज कमी केला.

जाहिराती वेळेवर, चाचण्या वेळेवर, फक्त साहेबच उशिरा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षी उत्साहाच्या भरात मीच सर्व्हरवर नियम लावला होता: साहेबांचा मेल आला की तो 'अतितातडीचे' फोल्डरमध्ये टाकायचा. आणि आयडलची एक लाइन एकाच फोल्डरवर नजर ठेवते. ती बसली होती इनबॉक्सच्या दाराशी; साहेबांचे मेल परस्पर मागच्या खोलीत जात होते. मिनिटामिनिटाची तपासणीही इनबॉक्सपुरतीच. जितका मेल महत्त्वाचा, तितका तो मला उशिरा कळावा, अशी चोख व्यवस्था मीच करून ठेवली होती.

उपाय म्हणजे त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'नवे मेल बघताना हाही तपासा'वर एक टिक. चार संध्याकाळी गेल्या त्या ती टिक शोधण्यात.

दुसऱ्या दिवशी टिंग झालं. मी मेल उघडला, जोडलेली फाइलही उघडली. सगळ्यांच्या पगारवाढीचा तक्ता होता. माझी ओळ शोधतोय, तोच फोन वाजला.

"अरे, मेल पाठवलाय," साहेब घाईघाईने म्हणाले, "बघितला नाहीस ना अजून?"