तो बुळबुळीत थर धुऊन टाकू नका

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला. 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' हा शिक्का त्यावर आहेच, म्हणजे तुमच्याकडेही येऊन गेला असेल. मजकूर थोडक्यात असा: "वाळूचे आणि जिवाणूंचे 'नैसर्गिक' फिल्टर हे नवं फॅड आहे, सिद्ध काही नाही. बुळबुळीत थर आला की तिथे रोग आलाच. थर दिसताच ब्लीचिंग पावडरने धुवा. शुद्ध पाणी फक्त आरओचं. आता तर म्हणे चहाच्या बुरशीचेही फिल्टर निघालेत!" काकांना तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं.

'नवं फॅड' इथूनच सुरुवात करतो. जेम्स सिम्प्सन या इंजिनिअरने लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्स या पाणीपुरवठा कंपनीसाठी वाळूची संथ गाळणी 1829 साली बांधली. लंडनचं बरंचसं पाणी आजही अशाच वाळूतून झिरपून येतं. आणि सिद्ध झालेलं काही नाही म्हणता, तर 1892 चं जर्मनीतलं हॅम्बुर्ग बघा. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही एकमेकांना चिकटलेली दोन शहरं, दोघांचं पाणी एल्ब नदीचं. हॅम्बुर्ग ते न गाळता नळाला सोडायचं. आल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी त्यांच्या वाट्याला. पण ते वाळूतून गाळून घ्यायचे. त्या वर्षीच्या पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, हॅम्बुर्गमध्ये सुमारे 8,600 माणसं दगावली आणि आल्टोना बऱ्याच अंशी वाचलं. हवा तीच, नदी तीच, फरक गाळणीचा. जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी हे सगळं तपासून नोंदवलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात आल्टोनातही थोडे रुग्ण निघाले, तेव्हा कारण सापडलं ते हे, की कडाक्याच्या थंडीत साफसफाई करताना गाळणी गोठून बिघडली होती. मला तर पहिल्या गोष्टीपेक्षा हा दुसरा पुरावा जास्त पटतो.

आता त्या बुळबुळीत थराकडे येऊ. मेसेजची खरी चूक इथे आहे. जिवाणू वाळूच्या दोन कणांमधल्या फटीपेक्षा कितीतरी लहान असतो. नुसत्या कोऱ्या वाळूतून तो आरामात निघून जातो. अडवतो तो वरचा थर. जर्मनमध्ये त्याला 'श्मुत्झडेक' म्हणतात, आपल्या भाषेत मळाची गोधडी. त्यात जिवाणू, शेवाळ, एकपेशीय प्राणी दाटीवाटीने राहतात. त्यांच्या चिकट स्रावाला बाहेरून आलेले जंतू चिकटतात. एकपेशीय प्राणी त्यांना खातात. जे सुटतात, त्यांची खाली वाळूत उपासमार होते, कारण अन्न वरच्यांनीच संपवलेलं असतं. म्हणून हे पाणी मुद्दाम हळू सोडतात, तासाला जेमतेम 10 ते 40 सेंटिमीटर. नवी गाळणी 'पिकायला' दोन-तीन आठवडे लागतात, तोवर तिच्या पाण्यावर भरवसा ठेवायचा नसतो. पिकलेली, नीट चालवलेली गाळणी बहुतेक जिवाणू अडवते. विषाणूंच्या बाबतीत ती तितकी खात्रीची नाही, आणि म्हणून गाळल्यावर क्लोरीन द्यायचं. गाळल्यावर, आधी नाही.

कारण आधी ब्लीचिंग पावडर ओतणं म्हणजे विरजण उकळून मग दुधाला लावणं. काकांच्या मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच. थर मेला की पाणी दिसायला तसंच नितळ येतं, पण राखणदार गेलेला असतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. वेग फारच मंदावला तर मोठ्या गाळणीत वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडून काढतात. घरगुती गाळणीत वरचं पाणी हलकेच ढवळून गढूळपणा ओतून देतात. बस. घासायचं काही नाही. घरगुती गाळणीत वाळूवर सुमारे 5 सेंटिमीटर पाणी कायम उभं लागतं, थर वाळला तर मरतो आणि पाणी फार खोल झालं तर प्राणवायू पोचत नाही. पावसाळ्यातलं लाल गढूळ पाणी मात्र थेट ओतू नका. आधी गाळ बसू द्या, नाहीतर गाळणी तुंबलीच.

आरओबद्दल काका अर्धे बरोबर आहेत. विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या, किंवा फ्लोराइड असलेली एखादी बोअर. साधी वाळूची गाळणी मीठ काढत नाही, फ्लोराइडही नाही. तिथे आरओचं काम आरओनेच करावं. पण धरणाच्या गोड्या पाण्यालाही आरओ लावून लिटरभरासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडायचे, हे कशासाठी? भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची पसंतीची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. त्याहून कमी क्षारांच्या पाण्यावर आरओ वापरण्यास बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सांगितलं होतं. तेव्हा आधी टीडीएस, म्हणजे हे विरघळलेले क्षार, मोजा, मग यंत्र घ्या.

राहिली ती 'चहाची बुरशी'. ती नुसती बुरशी नव्हे. कोंबुचावर, म्हणजे आंबवलेल्या गोड चहावर, जी जाड साय धरते, त्यात जिवाणू आणि यीस्ट एकत्र नांदतात आणि जिवाणू सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे विणतात. नारळाच्या पाण्याची जी पारदर्शक जेली डब्यात मिळते, तीही अशाच जिवाणूंची करणी. अमेरिकेत मोंटाना टेक आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी या सायीचे पडदे करून पाणी गाळून पाहिलं. पडदा जिवंत असल्याने त्यावर इतर जिवाणूंचा थर कमी साचतो, म्हणजे तो लवकर तुंबत नाही, असं त्यांना दिसलं. कल्पना झकास आहे, पण गोष्ट अजून प्रयोगशाळेतली. तेव्हा काकू, तुमच्या कोंबुचाच्या बरणीतली साय नळाला बांधू नका.