धक्का देऊ नका, जिभाऊ!

शेतीच्या वाटणीत बांधावरून भांडणं होतात, घराच्या वाटणीत जिन्यावरून होतात. खळ्यातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी मात्र सगळे भाऊ एकमुखाने "तूच ठेव" म्हणून देऊन टाकतात. माणसाने तिथेच ओळखावं. मी ओळखलं नाही, म्हणून वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी पुन्हा चालती करण्यावर लिहायचा अधिकार मला आहे.

वारसा मिळाल्याची बातमी गावभर होते आणि पारावरची चार माणसं शेडमध्ये येतात. त्यांच्याकडे दोनच सूचना असतात. एक, "चावी मारून तर बघ." दोन, "धक्का देऊ." खानदेशात धक्क्याला माणसं कधी कमी पडत नाहीत, विशेषतः उन्हाळ्यात, कपाशीची कामं नसताना. या दोन्ही सूचना ऐकल्या तर 1089 सीसीच्या त्या इंजिनाचा निकाल तिथल्या तिथे लागू शकतो. दहा-बारा वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरलेल्या असतात. गिअर टाकून धक्का दिला की एकतर मागची चाकं फरफटत जातात, नाहीतर आत काहीतरी 'कट्' करतं. त्या आवाजानंतर चौघांनाही घरची कामं आठवतात.

बाहेरून गाडी ठणठणीत दिसते, हा आपल्या हवेचा गुण. कोकणात एवढे पावसाळे काढले असते तर पत्र्याची चाळणी झाली असती. इकडची हवा वर्षातले आठ महिने पापड वाळवायच्या लायकीची, त्यामुळे पत्रा टिकतो. पण त्याच हवेत रबर मरतं. रेडिएटरचे होज, पंख्याचा पट्टा, दारांचं बिडिंग, सगळ्याचं कळण्याच्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं होतं. होज बोटांनी दाबा. कुरकुरला तर गेला. टायरची नक्षी नवी दिसते म्हणून हुरळू नका, बाजूवरचा तारखेचा कोड वाचा. चार आकडे असतील तर पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असतील तर तो टायर 2000 च्या आधीचा. त्याचा पोरांना झोका करून द्यावा.

मग कापूस. खळ्यात कापूस साठवलेला असतो आणि उंदरांना घर बांधायला एअर क्लिनरच्या डब्याइतकी हवेशीर जागा दुसरी नाही. डबा उघडा, सायलेन्सरच्या तोंडात तार घालून बघा, सीट उचला (आधी काठीने, विंचवालाही काथ्या आवडतो). वायरी कुरतडलेल्या असणार, म्हणून बॅटरी सरळ जोडू नका. निगेटिव्हच्या वायरीत 12 व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब मधे लावा. सगळे स्विच बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. दहा रुपयांच्या या बल्बाने आजवर किती खळी जळण्यापासून वाचवली असतील!

आता इंजिन. चारही प्लग काढा. भोकांभोवतीची धूळ आधी फुंकून घ्या, नाहीतर ती आतच जाते. पॉवर स्टेअरिंगचं लाल तेल, म्हणजे एटीएफ, आणि असिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे ओता आणि भोकांवर फडकं टाका. इथून पुढचं औषध म्हणजे चार दिवस थांबणं, आणि नेमकं तेच कुणाला जमत नाही. असिटोन उडून जातं, तेव्हा रोज थोडं वाढवा, आणि त्या काळात शेडमध्ये बिडी ओढणाऱ्याला बाहेर बसवा. पाचव्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून घड्याळाच्या दिशेने हळू जोर द्या. किंवा प्लग काढलेलेच ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि पुढे-मागे वितभर झुलवा. एवढाच धक्का मंजूर. पाना अडला तर त्याला पाइप लावून लांबी वाढवू नका, आणखी चार दिवस तेल पाजा.

इंजिन सुटलं की वरचं झाकण काढून आठही व्हॉल्व्ह खालीवर होतात का ते बघा. एखादा चिकटून राहिलेला असतोच. ऑइल बदला, कारण चमच्याने घातलेलं ते सगळं झिरपून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये गेलेलं असतं. मग प्लग न लावताच सेल्फ मारा आणि भोकांसमोर उभे राहू नका. लाल फवारा थेट शर्टावर येतो आणि तो डाग जात नाही.

ठिणगीचं काम सोपं, पण फिटरलोक ते गूढ करून ठेवतात. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले वीज जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, बारीक पॉलिश पेपरने घासा. त्यांच्यातली फट 0.4 ते 0.5 मिमी, म्हणजे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढी. प्लगची साधारण 0.6. प्लगच्या वायरींचा क्रम, सिलिंडरच्या नंबराने, 1-3-4-2. तो चुकला की गाडी कार्बोरेटरमधून खोकते आणि जवळ वाकलेल्याची भुवई जाते. ठिणगी निळी आणि टचटचीत हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर कॉइलला शिव्या घालण्याआधी कंडेन्सर बदला.

टाकीतल्या जुन्या पेट्रोलला नव्या व्हार्निशचा वास आणि जुन्या मधाचा रंग असतो. ते इंजिनला पाजू नका. टाकी उतरवा, आत मूठभर नट टाकून दोघांनी खळखळवा, गंज निघेल. तोवर ऑइलच्या रिकाम्या, पुसलेल्या कॅनमध्ये लिटरभर ताजं पेट्रोल घेऊन, तो उंचावर टांगून नळी कार्बोरेटरला द्या. काही फिटर इथे सलाइनची बाटली आणि तिचीच नळी वापरतात. पेशंट तसाच असल्याने शोभतं खरं, पण ती नळी पेट्रोलने आधी मऊ पडते, मग कडक होते आणि शेवटी गरम मॅनिफोल्डवर सुटते. पेट्रोलचीच नळी घ्या, तीही जे30 आर9 छापलेली, कारण आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनीच्या जमान्यातली रबरं त्याने फुगतात, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी कंपनीच्या पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून महिनोन् महिने टाकी भरून ठेवायची सवय सोडा. कार्बोरेटरचे जेट हवेने साफ करा. तार घालणाऱ्याचा हात धरा. जेटचं भोक मापाचं असतं, तारेने ते मोठं झालं की गाडी पुढे आयुष्यभर काळा धूर काढते.

कागदपत्रांचं थोडक्यात. मालक वारल्यावर नाव बदलायला फॉर्म 31, मुदत तीन महिने. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवायला फॉर्म 25, तीही पाच-पाच वर्षांनी. गाडी पन्नास वर्षांपुढची आणि मूळ रूपात असेल तर व्हिंटेजची वेगळी नोंदणी होते, नव्या नोंदणीला फी 20,000 रुपये. गंजलेला पिस्टन चार दिवसांत सुटतो. सगळ्या वारसांच्या सह्यांना किती लागतात, ते मी लिहीत नाही, घरात वाचतात.

या सगळ्या काळात शेडवरून जाणारा प्रत्येकजण एकच विचारतो, "काय जिभाऊ, सुरू व्हयनी का गाडी?" सुरू होणं हा कमी महत्त्वाचा भाग आहे. चारही चाकांना ड्रम, आणि जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलची लाइन सगळ्यांना मिळून एकच. एका चाकाचं सिलिंडर गळलं की पेडल तळाला जातं आणि मग हँडब्रेक व कुलदैवत एवढंच उरतं. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी चारही ड्रम उघडा, चाकांच्या सिलिंडरची आणि मास्टर सिलिंडरची रबर किट नवी घाला. सुटे भाग रॉकेलने धुवू नका, त्याने नवं रबर फुगतं. स्पिरिट किंवा ब्रेक ऑइलच वापरा. डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल भरून लाइनमधली हवा काढताना सर्वांत लांबच्या, म्हणजे डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात करा.

पहिली फेरी किलोमीटरभराची, सकाळी सातच्या आत. मे महिन्यात अकरा वाजता काढाल तर गाडी पारासमोरच बंद पडेल. पेट्रोल टाकीतून इंजिनाजवळच्या पंपापर्यंत येतं, पण तिथल्या उष्णतेने नळीतच त्याची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. यात बिघाड काही नाही. पंपावर ओला पंचा टाका, दहा मिनिटं थांबा. पारावरची मंडळी तेवढ्यात बाह्या सरसावून मागे उभी राहतील. त्यांना चहा पाजा, पण डिकीला हात लावू देऊ नका.

आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मावशी मंदिरात जायला म्हणून मागचं दार उघडून अर्ध्या बसल्या, आणि एक पाय बाहेरच ठेवून त्यांनी विचारलं,

"सुरू ते व्हयनी, पन थांबस का?"