कोल्ड्रिंकनं डिक्की वाचत नाही, भाऊ

पंधरा दिवसांत हा फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आला. त्यातला एक तर सोयाबीनच्या भावाचा ग्रुप. मजकूर थोडक्यात असा: ‘जुन्या गाडीची डिक्की सडली? डेंटिंगवाल्याला पैसे देऊ नका. गंजावर रात्रभर कोल्ड्रिंक ओतून ठेवा. भोकं एम-सील आणि पुट्टीनं बुजवा. वरून रेड ऑक्साइडचा तांबडा प्रायमर, खालून जळकं ऑइल. विदर्भाची हवा कोरडी आहे, गंज परत येत नाही. आणि डिक्कीत सामानच ठेवायचं असते, गाडीले काय फरक पडते?’

शेवटच्या वाक्यापासूनच धरतो. बाकीच्या चुका खिशाला लागतात, ही जिवाला लागू शकते. आपल्याकडे जुनी गाडी म्हणजे बहुतेक अँबेसिडर. मूळची इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड, २०१४ पर्यंत बंगालात उत्तरपाड्याला बनत होती. तिला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. मागच्या कमानींची, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांची, टोकं त्या सांगाड्यालाच टांगलेली असतात. प्रीमियर पद्मिनी गाडीचंही तेच. म्हणून मॅट उचला, जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि टोचत जा. डिक्कीच्या मधल्या तळाला भोक असेल तर घरी करण्यासारखं काम आहे. कमानीच्या टांगणीजवळचा पत्रा पापडासारखा मोडला, तर गाडी उभी करा आणि जाणत्या माणसाला दाखवा. तिथं हौस नको.

आता ‘कोरडी हवा’. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि गंज जवळजवळ झोपतो, हे कबूल. पण तेच ऊन डिक्कीच्या रबरी बीडिंगला तडे पाडतं, आणि जूनपासून पाणी त्याच तड्यांतून आत शिरतं. मॅटखाली गेलेली ओल दिवाळीपर्यंत हटत नाही. शिवाय अमरावती, अकोला, बुलडाण्यातला पूर्णाकाठचा खारपाण पट्टा विसरून कसं चालेल? तिथल्या बोअरच्या पाण्यानं गाडी धुणं म्हणजे पत्र्याला मिठाची आंघोळ घालणं. आणि डिक्कीत आपण नेतो काय? खताची पोती. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या खायच्या मिठाचा सख्खा भाऊ. हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि लोखंड खातो. आमच्या अँबेसिडरमध्ये उंदरानं पोतं कुरतडलं होतं, सांडलेलं खत मॅटखाली तसंच राहिलं. पुढच्या पावसाळ्यानंतर बघतो तर बरोबर तेवढ्याच जागी पत्र्याची चाळणी. मुंबईची खारी हवा लागते असं नाही, आपण घरूनच मीठ पुरवतो.

कोल्ड्रिंकमागचं रसायन अगदीच खोटं नाही. काळ्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फरिक आम्ल असतं आणि ते गंजाचं लोह-फॉस्फेट करतं. पण असतं ते नाममात्र, आणि सोबत साखरेचा पाक. नट-बोल्टवरचा तांबूस थर निघेल. पत्र्याची पोपडी सुटली असेल तर तिच्याखाली काही पोचत नाही, उलट सांध्यांत चिकट ओल बसते आणि मुंग्या येतात त्या वेगळ्या. आधी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून (चष्मा घालून, तारा उडतात) पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा. खड्ड्यांत जे काळं उरेल त्याला हार्डवेअरमधलं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचा घट्ट थर करणारं रसायन, लावा.

पुट्टीचं मात्र मी स्वतः केलेलं आहे, म्हणून जरा जास्त बोलतो. एम-सील भरलं, वर पुट्टी, घासून गुळगुळीत, रंग. शेजारचे काका म्हणाले, “नवीनच दिसते लेका!” एक पावसाळा गेला आणि थापलेला तुकडा भाकरीसारखा अख्खा हातात आला. मागचं भोक दुप्पट. पुट्टी पाणी पिते, आणि गंजावर चिकटवलेली गोष्ट गंजाबरोबरच सुटते. ती वेल्डिंगवरचे उंच-सखल भाग सारखे करायला आहे, भोकाला बूच म्हणून नाही.

खरी दुरुस्ती अशी. टणक पत्रा लागेपर्यंत सडका भाग कापून टाका. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा साचा काढा आणि त्यावरून २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्ताचा थर नसलेला) पत्रा कापा. तो साधारण ०.९ मिलिमीटर जाड असतो. घरावरच्या टिनाचा तुकडा वापरू नका. वेल्डिंगच्या वेळी त्यावरच्या जस्ताचा धूर होतो आणि त्यानं रात्री हुडहुडी भरून ताप येतो. इथपर्यंतचं काम अंगणात, चहा पीत होतं. वेल्डिंग मात्र गेट आणि ट्रॉल्या बनवणाऱ्याच्या आर्क मशीनवर नको, एवढ्या पातळ पत्र्याला रॉड आणखी भोकं पाडतो. एमआयजी मशीनवाला शोधा, त्यात रॉडऐवजी बारीक तार आणि गॅस असतो. त्याला सलग ओढू देऊ नका, इकडे एक टिपका तिकडे एक टिपका, नाहीतर पत्रा तापून लहरी मारतो. आणि त्याआधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून लांब ठेवा. “टाकी रिकामीच आहे, काही होत नाही,” असं कोणी म्हटलं तर त्याच्यापासूनही लांब राहा. आत वाफ उरलेली असते आणि भडका तिचाच होतो.

रेड ऑक्साइड नुसतं ठेवलं तर त्यातून पाणी झिरपतं. चांगला प्रायमर, सांध्यांवर सीलर आणि वर रंग हवाच. जळकं ऑइल वखराच्या लोखंडी पासेला ठीक. गाडीखाली लावलं तर रबर फुगवतं, आणि पुढे त्यावर कुठलाच रंग धरत नाही.

फॉरवर्डमध्ये एकच गोष्ट नाही: पाणी येतं कुठून? कात्री-ग्राइंडर काढण्याआधी डिक्कीचा तळ कोरडा करा, कडेनं पांढरी रांगोळी भुरभुरवा, डिक्की बंद करा आणि वरून दहा मिनिटं पाइप धरा. उघडलं की ओघळाची रेघ दिसते. तळातली पाणी जायची भोकंही काडीनं मोकळी करा. माझ्या गाडीत ती सोयाबीनच्या कुटारानं बुजलेली होती. मी बीडिंगला दोष देत बसलो होतो, नवं रबर आणूनही ठेवलं होतं. रेघ निघाली डाव्या टेललाइटखालून. सायकलच्या जुन्या ट्यूबचं वायसर कापून बसवलं. नवं रबर अजून माळ्यावर पडून आहे.