चौथ्या आठवड्यात काय बदलतं?

विन्याच्या व्यायामाच्या ॲपने वर्गणी वाढवल्याची बातमी त्याच्या आधीच कट्ट्यावर पोचली होती. तो टेकतोय न टेकतोय तोच मास्तर म्हणाले, "भरलीस का? महिन्याची की वर्षाची?"

"वर्षाची. आठ महिन्यांच्या पैशांत बारा महिने. चार महिने फुकट पडले."

"फुकट कसले? आठ महिने टिकलास तर फिटंफाट, नफा नवव्यापासून. आणि सहाव्या आठवड्यात गळलास तर?"

"गळतोय कोण!"

भाऊ नुसते खोकले. मागे चौघांत मिळून काढलेल्या वर्गणीचा हिशेब अजून मिटलेला नाही, आणि तेव्हाही ॲप निवडलं होतं विन्यानेच.

"ते जाऊ दे," नंदा म्हणाली. "भाव वर्गणीवरून काढायचाच नाही. एकूण खर्च भागिले प्रत्यक्ष केलेले दिवस, हा खरा भाव. ॲपमध्ये दोन हजार व्हिडिओ असले तरी आठवड्यात तू करणार चार. बाकीच्यांचे पैसे कशाला भरतोस?"

"व्हरायटी लागते गं! रोज वेगळं केलं की मसल कन्फ्यूज होतात. गोंधळले की वाढतात."

"स्नायूला गोंधळ कळत नाही, विन्या. त्याला ओझं कळतं. गेल्या वेळेपेक्षा दोन आवर्तनं जास्त झाली का, किंवा वजन थोडं वाढलं का, एवढंच. रोज नवा व्हिडिओ लावलास तर वाढलं की नाही हे मोजणार कसं?"

ती गेली कित्येक वर्षं लोकांना व्यायाम शिकवते, त्यामुळे पुढचा तास तिचाच होता, आणि मला विचाराल तर तसाच असायला हवा होता. तिचं म्हणणं सरळ आहे. कुठलाही कार्यक्रम घेण्याआधी, फुकट असो की विकतचा, एकच विचारायचं: पहिल्या आणि चौथ्या आठवड्यात फरक काय? वजन वाढतं, आवर्तनं वाढतात, विश्रांती कमी होते, की नुसता बनियनचा रंग बदलतो?

मास्तरांनी लगेच पकडलं. "पी-९०-एक्स या नव्वद दिवसांच्या डीव्हीडी कार्यक्रमात चौथ्या आठवड्यात काहीच वाढत नाही. उलट कमी होतं."

"बरोबर, पण ते ठरवून कमी केलंय. तीन आठवडे चढ, चौथा उताराचा, मग पाचव्यात छाती-पाठ ही जोडी मोडून नवे गट. म्हणजे बनवणाऱ्याने विचार केलाय. ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तरच नाही, तो कार्यक्रम नव्हे, व्हिडिओंचा ढीग."

मास्तरांचा जीव जुन्या डीव्हीडी संचांवर. कुणीतरी उत्साहाने घेतलेला आणि दोन आठवड्यांत काढून टाकलेला संच अगदी कमी पैशांत मिळतो, पुन्हा दर महिन्याला पैसे कापले जात नाहीत. मुद्दा चांगला आहे, पण नंदाने त्यातल्या खाचा एकेक करून सांगितल्या. संच घेताना आतलं वेळापत्रकाचं पुस्तक आहे का ते आधी बघायचं, कारण त्याच्याशिवाय हातात नुसत्या तबकड्या राहतात. मग त्या पुस्तकातल्या नावांशी तबकड्या ताडून बघायच्या, रीजन कोड, म्हणजे तबकडी कुठल्या देशांतल्या प्लेयरसाठी आहे ती खूण, आपल्या प्लेयरला चालतो का ते तपासायचं. आणि घरात प्लेयर आहे का, हेही. लोक हे शेवटी बघतात.

"आणि दुसरा खर्च संचावर छापलेला नसतो," ती म्हणाली. "पी-९०-एक्स आठवड्यात सहा दिवस, दिवसाला तासभर, योगाच्या दिवशी दीड तास. छाती-पाठीच्या दिवशी पुल-अप्स, पाय-पाठीच्या दिवशी पुन्हा पुल-अप्स. म्हणजे दाराचा बार हवा, नाहीतर ताणायचा रबरी बँड. खांदे-दंडाला डंबेल. संच मिळाला फुकट आणि सामान घेताना खिसा रिकामा."

"बँड लावायचा दाराला," विन्या म्हणाला. "सोप्पं आहे!"

"कुठल्या बाजूला?"

विन्या गप्प.

"बिजागरीच्या बाजूला, आणि दार तुझ्याकडे उघडणारं नको. तू ओढशील तेव्हा दार आणखी घट्ट बंद झालं पाहिजे. उलट्या बाजूने लावलंस की कडी सुटते आणि दार तोंडावर येतं. आणि दर वेळी बँड बोटांतून फिरवून बघायचा. बारीक चीर दिसली की टाकून द्यायचा. लेटेक्सचा बँड खिडकीत उन्हात ठेवला की वाळून तडकतो. मूळ लांबीच्या अडीचपटीपुढे ताणायचा नाही."

भाऊंनी विचारलं, डंबेल घ्यायचेच तर कुठले? हा माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात उपयोगाचा भाग. ठरावीक वजनाच्या चार जोड्या घेण्यापेक्षा चकत्या बदलता येणारी एक जोडी घ्यावी, हे बरेच जण सांगतात. पुढचं सांगत नाहीत. सगळ्यात लहान चकती सव्वा किलोची असेल तर दोन्ही टोकांना मिळून एका डंबेलचं वजन अडीच किलोने वाढतं. बैठकांना ते चालतं. पण हात बाजूला उचलायच्या व्यायामात पाचावरून साडेसातावर जाणं म्हणजे एकदम दीडपट. तिथेच खांदा दुखतो आणि माणूस म्हणतो, मला व्यायाम सोसत नाही. उपाय दोन: अर्ध्या किलोच्या चार चकत्या जास्तीच्या घ्यायच्या, किंवा त्याच वजनावर ८ आवर्तनांवरून १२, मग १५ पर्यंत जायचं आणि मगच वजनाला हात लावायचा. त्या व्यायामाच्या लागोपाठ दोन वेळी सगळे सेट स्वच्छ निघाले तरच. शिवाय आट्यांचे नट दर सेटनंतर पिळायचे. व्यायाम करताना ते सैल होतात आणि पायावर चकती पडते.

"डंबेलचा विषय निघालाच आहे," मास्तर म्हणाले, "तर माझी एक जोडी कुणाकडे तरी आहे."

"एकच आहे माझ्याकडे," विन्या म्हणाला. "दुसरा तुमच्याकडेच राहिला."

"आणि जो तुझ्याकडे आहे त्याने तू दार अडवतोस!"

"त्याचाही उपयोग होतोच की," भाऊ म्हणाले, आणि पाच मिनिटं नुसती याच्यावर गेली. शेवटी नंदाने पाठीवरच्या सॅकचा तोडगा सांगितला: एक लीटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे वजन अचूक मोजता येतं. बाटल्या टॉवेलात घट्ट गुंडाळायच्या, नाहीतर वाकल्यावर सगळं ओझं मानेवर घसरतं. बैठका, लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली जाणं), दंड यांना पहिले दोन-तीन महिने एवढं पुरतं.

मग फुकटच्यांची पाळी. नंदा फुकटला कमी लेखत नाही. कॅरोलिन गर्वनचा 'एपिक' हा कार्यक्रम यूट्यूबवर आहे: दहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, क्रमाने लावलेला. पण तो नवशिक्याचा नाही, आणि हलके-जड असे दोन डंबेल संच हाताशी हवेत. फिटनेस ब्लेंडर या साइटवर कालावधी, साहित्य आणि १ ते ५ अशी अवघडपणाची पातळी लावून व्हिडिओ गाळून घेता येतात. नव्या माणसाने २ लावावं आणि ३ वर जाण्याची घाई करू नये. डेअरबी या साइटवर चित्रांचे तक्ते आहेत, जाहिराती नाहीत. पहिली पातळी ३ सेट, दुसरी ५, तिसरी ७. म्हणजे वाढ कशी करायची हे तक्त्यावरच छापलेलं. तिथे कमी पडतं ते एकच: कुणी हालचाल चालू असताना तुमच्याबरोबर बोलत नाही. एड्रियन मिश्लरची दर जानेवारीतली ३० दिवसांची योगमालिका २०१५ पासूनची सगळी उपलब्ध आहे. सवय लावायला ती उत्तम, पण ताकदीचा कार्यक्रम म्हणून ती घेऊ नये.

"का नाही? हातांवर अंग ताठ धरायचा तो प्लँक तर मरणाचा असतो!" विन्या.

"असतो. पण त्यात ढकलणं आहे, ओढणं नाही. बिनसामानाच्या जवळजवळ सगळ्या व्हिडिओंचा हाच दोष. दंड, प्लँक, बर्पी, सगळीकडे जमीन ढकलायची. आठवडाभराच्या व्हिडिओत ओढायचे व्यायाम मोज. शून्य आले तर बँड घेऊन तेवढेच सेट स्वतः जोडायचे. पहिला पैसा मी बँडवर घालवेन, वर्गणीवर नाही."

विन्याने मग हुकमाचा एक्का काढला. "इन्सॅनिटी! सामान नाही, ६० दिवस, घामाच्या बादल्या! माणूस दुसराच होतो!"

"भाऊंचे गुडघे बघून बोल," मास्तर म्हणाले.

इथे नंदाने मात्र बाजू तोलून सांगितली. २००९ चा तो कार्यक्रम खरंच बिनसामानाचा आहे, आणि त्यातली एक गोष्ट सोन्यासारखी आहे: फिट टेस्ट. आठ हालचाली, प्रत्येकी एक मिनिट, आकडा लिहून ठेवायचा आणि साधारण दर दोन आठवड्यांनी तीच चाचणी परत. ती पद्धत कुठल्याही फुकट कार्यक्रमाला जोडता येते. पण बाकीचं सगळं उड्यांवर उभं आहे, तेही आठवड्यात सहा दिवस. ज्याने वर्षभर उडी मारलेली नाही त्याच्या नडग्या दुसऱ्या आठवड्यात ठणकायला लागतात, कारण दम लवकर वाढतो, हाडं आणि कंडरा मागे राहतात. दमल्यावर माणूस टाचांवर धपकन उतरतो, आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात ते वेगळंच.

"आणि तबाता?" विन्याने हळूच विचारलं. "वीस मिनिटांचा?"

"वीस मिनिटं चालला तर तो तबाता नव्हे. १९९६ च्या मूळ प्रयोगात २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, सात-आठ फेऱ्या. चार मिनिटांत खलास, आणि तोही सायकलवर, पुढे पेडल मारताच येऊ नये इतक्या जोराने. तुझ्या व्हिडिओत ती बाई शेवटपर्यंत गप्पा मारते ना? मग झालं."

भाऊंनी सगळ्यांना खाली आणलं. "मला फक्त सांगा, लावू काय?"

नंदाने त्यांना दिलेलं उत्तर असं. दमाच्या व्यायामासाठी एक पैसाही घालवू नका, चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचे आहेत. पहिला भाग चालण्यात भागतो, व्हिडिओ लागतो तो दुसऱ्यासाठी. पंचवीस-तीस मिनिटांचे दोन-तीन व्हिडिओ निवडा आणि चार आठवडे तेच करा. निवडताना आधी बसून नुसतं बघा, तेही पहिला भाग नाही, शेवटच्या आठवड्यातला. पहिला भाग सगळ्यांचा गोड असतो. सोपा पर्याय करून दाखवणारं माणूस पडद्यावर शेवटपर्यंत दिसतं का? मोजणी सुरू होण्याआधी हालचाल दाखवतात का? सुरुवातीला पाच मिनिटं अंग गरम करतात का? छातीत दुखणं, चक्कर, सांध्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टर. पडदा छातीच्या उंचीवर ठेवा. फोन जमिनीवर पुढे ठेवलात की प्लँकमध्ये मान वर करून बघाल आणि दोन दिवस मान धराल. विकतचं काही चाखायचंच असेल तर फुकट मुदत संपायच्या किमान एक दिवस आधी रद्द करायची आठवण फोनवर लावा.

"म्हणजे मी मूर्खासारखे पैसे भरले," विन्या म्हणाला.

"भरलेस तर वापर. त्यातला ताकदीचा एकच बारा आठवड्यांचा कार्यक्रम धर आणि बाकी सगळं डोळ्याआड कर. आणि आज कुठे आहेस तो आकडा लिही. कट्टा साधारण खुर्चीएवढा आहेच. हात छातीवर दुमडायचे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभा राहून बसतोस ते मोजायचं. वेळ संपताना अर्ध्याहून वर आला असशील तर तीही धरायची."

भाऊ आधी उठले. सावकाश, एकसारखे, गुडघे बोटांच्या रेषेत. चौदा. मास्तर तेरा, आणि तेराव्यानंतर उगाच एकदा टाळी.

विन्याने बाह्या सरसावल्या. सुरुवात बंदुकीच्या गोळीसारखी. आठपर्यंत आम्हाला मोजताना धाप लागली. अकराव्याला वेग गेला, बाराव्याला तो अर्ध्यात थरथरला आणि नकळत हात मास्तरांच्या खांद्यावर टेकवून उभा राहिला. तरी थांबला नाही. सतरा!

"सतरा!" तो धापा टाकत ओरडला. "सगळ्यात जास्त!"

नंदाने मोबाइलवरचं घड्याळ बंद केलं. "हात वापरला की या चाचणीत शून्य लिहितात."

"अख्खे शून्य?"

"अख्खे."

"आणि खांदा माझा होता," मास्तर म्हणाले, "त्यामुळे ते सतरा माझ्यात धरा. तेरा आणि सतरा, तीस. आता माझा डंबेल आण."

भाऊ इतके हसले की कट्ट्यावरून घसरले, आणि उठताना त्यांनीही हात टेकला.