द गुड, द बॅड आणि मेथीची जुडी

सर्जिओ लिओनेचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ हा अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात दफनभूमीतल्या सोन्यामागे लागलेल्या तिघा बंदूकबाजांचा १९६६ सालचा चित्रपट मी आजवर निदान पंधरा वेळा पाहायला बसलो असेन. परंतु सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कोणी काही न विचारता, तो एकदाही पाहिलेला नाही. जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटाची निम्मी मौज त्यातली माणसे बोलत नाहीत यात आहे आणि आमच्या घरात ही सवय कोणालाच नाही.

गेल्या रविवारी पत्नी बाहेर गेलेली पाहून मी चित्रपट लावला, तोच आत्या मेथीच्या दोन जुड्या आणि जुने वर्तमानपत्र घेऊन दिवाणावर येऊन बसली. एन्निओ मोरिकोनेची ती जगप्रसिद्ध धून सुरू झाली आणि मी भक्तिभावाने डोळे मिटले. “कोल्हेकुई आहे रे ही,” आत्या म्हणाली. ती धून खरोखरच कोयोट या कोल्ह्याच्या अमेरिकन भाऊबंदाच्या ओरडण्यावर बेतलेली आहे, हे मला वाचून कळायला चाळिशी उलटावी लागली होती. आत्याचे बालपण शेतावर गेल्यामुळे तिला ते अर्ध्या मिनिटात कळले.

पुढची काही मिनिटे पडद्यावर कोणी चकार शब्द काढत नसल्यामुळे तिने टीव्हीचा आवाज गेल्याची शंका घेतली. माणसे बोलू लागल्यावर तिची तक्रार बदलली. “ह्यांचे ओठ एकीकडे आणि शब्द भलतीकडे!” चित्रीकरणाच्या वेळी नट आपापल्या भाषेत बोलत आणि आवाज मागाहून भरत असत, शिवाय अमेरिका म्हणून दिसणारा हा रखरखीत मुलूख प्रत्यक्षात स्पेनमधला आहे, असे मी अभिमानाने सांगितले. “म्हणजे काहीच खरं नाही,” असे म्हणून तिने एक पिवळे पान बाजूला टाकले.

तिन्ही नायकांपैकी तिला टूको आवडला. तो चोर असला, तरी येताजाता छातीवर क्रूस काढतो, म्हणजे देवाधर्माचे पाहतो, हे तिचे कारण. कारण सोडा, पण निकाल मलाही मान्य आहे. क्लिंट ईस्टवुड न बोलता भाव खातो, ली व्हॅन क्लीफ भीती घालतो. मात्र चित्रपट पुढे ओढून नेतो तो टूको झालेला एली वॉलकच.

पूल उडवण्याच्या प्रसंगाला मी राखून ठेवलेली हकिकत काढली. खुणेचा घोटाळा झाल्यामुळे कॅमेरे सुरू होण्यापूर्वीच तो पूल उडवला गेला आणि स्पॅनिश सैन्याने तो पुन्हा बांधून दिला. आत्यावर काहीही परिणाम झाला नाही. “आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा फोटोवाला रोल बदलत होता. आम्हाला कोणी पुन्हा लावून दिलं?”

अखेर ती दफनभूमी आली. बुर्गोस प्रांतात सैनिकांनी चित्रपटासाठी उभारलेल्या या पाच हजारांवर खोट्या थडग्यांच्या जागेवर पुढे माती आणि गवत चढले, ते २०१५ पासून चाहत्यांनी फावडी घेऊन हटवले, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडले आणि आत्याने हातानेच मला गप्प केले. गोल अंगणात तिघे समोरासमोर उभे होते. डोळे, कंबरेचे पिस्तूल, सरकणारी बोटे, पुन्हा डोळे. काही घडत नव्हते आणि आत्याच्या चिमटीतली काडी तशीच अधांतरी राहिली होती. दाराची घंटा वाजली. मी उठू लागलो. “वाजू दे,” ती कुजबुजली आणि लगेच म्हणाली, “त्या टूकोच्या पिस्तुलात गोळ्याच नाहीत बघ. त्या न बोलणाऱ्यानं आधीच काढून ठेवल्या असणार.”

पंधरा खेपांत मला हे एकदाही आधी सुचले नव्हते.

गोळ्या खरोखरच नव्हत्या. मी दार उघडून परत आलो, तोवर ती सोन्यावर पोहोचली होती. दोन लाख डॉलरचे सोने म्हणजे किती तोळे? तेव्हाच्या औंसाला वीस डॉलर सदुसष्ट सेंट या भावाने मी मोबाइलवर हिशेब केला. तीनशे किलो, म्हणजे पंचवीस हजार तोळ्यांच्या वर. त्यातले निम्मे ईस्टवुड एका घोड्यावर लादून निघाला होता.

“दीडशे किलो, आणि वर हा बसलेला,” आत्या म्हणाली. “त्या मुक्या जनावराला कोणी विचारलं का?” आणि तिने दुसरी जुडी सोडली.