ओला कचरा, कोरडे पदवीधर

आमचा कट्टा कर्वेनगरात, चहाच्या टपरीसमोरच्या कठड्यावर भरतो. परवा विषय निघाला तो अण्णांच्या सोसायटीतल्या खताच्या खड्ड्यामुळे. अण्णा चेअरमन. खड्ड्यात अळ्या झाल्या, वास सुटला आणि तळमजल्यावरच्यांनी लेखी तक्रार ठोकली.

"बंदच करतो आता," अण्णा म्हणाले. "सगळा कचरा घंटागाडीला. मिळकत करात पाच टक्के सूट मिळते, ती गेली तर गेली."

"तुमची सोसायटी मोठी आहे अण्णा," इंजिनियर म्हणाला. (त्याला नाव आहे, पण कट्ट्यावर कोणी घेत नाही.) "पाच हजार चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या नियमांतच लिहिलं होतं."

"लिहायला काय जातं! साठीनंतर माणूस नवीन काही शिकत नाही. चार घरांना दंड ठोका, पाचवं आपोआप सुधारतं."

हे मास्तरांना लागलं. मास्तर रात्रशाळेत शिकवून निवृत्त झालेले. "अण्णा, याच पुण्यात १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून माणसं संध्याकाळी पाटी घेऊन बसत. आणि तुम्हाला लिफ्टनं खाली उतरून खड्डा बघायला होत नाही?"

"ते अक्षरं शिकत होते हो. इथे प्रश्न कचऱ्याचा आहे."

"मग कचऱ्याचंच सांगतो," म्हणत मास्तरांनी दुसरा कटिंग मागवला. म्हणजे आता लवकर सुटका नाही.

गोष्ट मात्र ऐकण्यासारखी होती. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ आणि निरंतर शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांकडे गेल्या. हेतू शिक्षणाचा. पण पोरंही कचरा वेचायला जात होती. ती शाळेत बसली तर घरातली तेवढी कमाई बुडणार. तेव्हा या कार्यकर्त्या त्यांच्याबरोबर कचऱ्याच्या फेरीवर निघाल्या. तिथे जे कळलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं: माल कुजलेल्या ढिगातून उपसण्याऐवजी घराच्या दारातच वेगळा मिळाला, तर वेळ वाचतो, हात कापत नाहीत, भावही बरा येतो. मग काही जणींना ओळखपत्रं देऊन दारोदारचा वेगळा केलेला कचरा मिळवून दिला. हे जमतंय म्हटल्यावर एक जण गाडी घेऊन त्याच धंद्यात उतरायला निघाला. बायका रस्त्यावर आल्या. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकारानं परिषद झाली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला.

"म्हणजे बघा," मास्तर म्हणाले, "शिकवायला गेलेल्याच शिकून आल्या. आणि दारात ओला-सुका वेगळा मागायची सवय पुण्याला लागली ती त्यातून."

"लागली कुठे?" अण्णा पुटपुटले. ते मात्र खरं होतं.

इंजिनियर इतका वेळ गप्प होता. "मास्तर, गोष्ट चांगली आहे. पण मला या नागरिकांना शिकवा, जागरूक करा प्रकाराचाच संशय येतो. शहर बिघडवायचं व्यवस्थेनं आणि शिकायचं आपण. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याला जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची, साथ आली. किरकटवाडी, नांदेड ही २०२१ मध्येच महापालिकेत आलेली गावं. बोट ठेवलं गेलं ते पाण्यावर. तिथल्या लोकांनी काय शिकायचं होतं? पाणी उकळून प्या? क्लोरीन टाकणं कोणाचं काम?"

मला हा मुद्दा बिनतोड वाटला होता. सिस्टरांना नाही वाटला. त्यांची उभी नोकरी सरकारी आरोग्य खात्यात गेली.

"काम प्रशासनाचंच," त्या म्हणाल्या. "पण टाकलंय की नाही, हे तुला कसं कळणार? वास घेऊन? ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर किती टाकायची, क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट कशी करायची, हे त्याला शिकवलेलं असतं. नळाच्या पाण्यात त्या टेस्टच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नाही झालं तर नाही. नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवं. चौथी शिकलेला माणूस हे करतो. तुमच्या सोसायटीत किती इंजिनियर आहेत रे?"

"बरेच."

"एकानं तरी टाकीचं पाणी तपासलंय? तपासलं असतं तर तारीखवार वही घेऊन वॉर्ड ऑफिसात बसता आलं असतं. नुसतं ओरडणाऱ्याला साहेब चहा पाजून पाठवतो. वहीवाल्याला उत्तर द्यावं लागतं."

मग गाडी डेंगीवर गेली, ती जाणारच होती. वस्तीत पिंपाला फडकं बांधलेलं असायचं आणि बंगल्यात फ्रीजमागच्या ट्रेमध्ये अळ्या सापडायच्या, हा सिस्टरांचा आवडता किस्सा. "कोरडा दिवस म्हणजे कूलरचं पाणी ओतून देणं नव्हे. डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, आतल्या भिंतीला चिकटतात. कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. घासायला लागतं, घासायला! शिकलेल्यांना हे सांगायला गेलं की म्हणायचे, माहितीये आम्हाला."

मला विचाराल तर सगळ्या वादाचं मूळ या ‘माहितीये आम्हाला’मध्ये आहे. शाळा-कॉलेज संपलं की शिकणं हे दुसऱ्यांचं काम, अशी आपल्या वर्गाची पक्की समजूत. इंजिनियर व्यवस्थेला धारेवर धरतो ते योग्यच आहे. फक्त व्यवस्थेला पकडायचं कुठे, हेही शिकावं लागतं, आणि ते शिकवणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यापेक्षा कमी पगाराचा असतो.

"अण्णा, तुमच्याकडे खताचं प्रशिक्षण झालं होतं ना?" मी विचारलं.

"झालं की. कन्सल्टंट आला होता. स्लाइड दाखवल्या. पूर्ण कमिटी हजर होती."

"खड्ड्यात कचरा कोण टाकतं?"

"वॉचमन."

"तो होता?"

"तो गेटवर होता." अण्णांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे... कोणीतरी गेटवर हवंच ना."

इंजिनियर हसायला लागला. मास्तरांनी त्याला डोळ्यांनीच दटावलं.

"आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताई? त्या काही बोलल्या नाहीत?"

"बोलली होती ना ती. म्हणाली, नुसता ओला टाकता म्हणून सडतंय, आमटी-ताक ओतू नका, मधेमधे वाळका पाला घाला आणि वरखाली करत राहा."

"मग?"

"पाला कुठून आणायचा?"

कोणीच बोललं नाही. अण्णांच्या आवारात पिंपळ आहे, दोन गुलमोहर आहेत, बदाम आहे. त्यांचा पाला रोज सकाळी झाडून, पोत्यात भरून बाहेर दिला जातो. थंडीत कधी कोपऱ्यात पेटवतातसुद्धा. धुराची तक्रार याच अण्णांकडे येते.

अण्णांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी सूर बदलला. "ठीक आहे. महिनाभर खड्डा चालू ठेवतो. रविवारी त्या ताईंना बोलावू, वॉचमनला शिकवतील."

"वॉचमनला आणि कमिटीला," मास्तर म्हणाले. "गेटवर तुम्ही थांबा."

"आणि फुकट नाही हं," सिस्टर म्हणाल्या. "त्यांचा रविवार मोडणार."

"देऊ की. दोनशे-तीनशे..."

"अण्णा," इंजिनियर म्हणाला, "कन्सल्टंटला किती दिले होते?"